पुढचं चाक

स्पितीला निघण्याआधी महिनाभर माझ्या टेबलावर एक शंभर पानी वही पडून होती. तिच्या पहिल्या पानावर मी रस्ता लिहून काढला होता. गावांच्या नावांनी नव्हे, तर चाकाखाली काय येणार त्याच्या नावांनी. डांबर, सिमेंट, उखडलेलं डांबर, मुरूम, सुटी खडी, गोटे, चिखल, वाहतं पाणी. प्रत्येकापुढे किलोमीटर. पुणे ते चंदीगड सतराशेच्या आसपास. तिथून शिमला, किन्नौर, काझा, कुंझुम खिंड, मनाली असा वळसा घालून पुन्हा चंदीगड हजार-अकराशे. परतीचे पुन्हा सतराशे. बेरीज साडेचार हजार. त्यातले लोसरच्या पुढून ग्राम्फूपर्यंतचे ऐंशीएक किलोमीटर गोट्यांचे आणि ओढ्यांचे. किन्नौरमधले दरडींचे पट्टे आणि रुंदीकरणासाठी खणून ठेवलेले तुकडे धरले, तरी खराब रस्ता ओढूनताणून अडीचशे किलोमीटर भरत होता. बाकीचे सव्वाचार हजार डांबर आणि सिमेंट.

हिशेब इतका स्पष्ट होता, तरी टायर ठरत नव्हता. माझ्या हिमालयन मोटरसायकलचे दोन्ही टायर झिजले होते, बदलायचे तर होतेच. पण कुठले, या प्रश्नापाशी मी रोज वही उघडायचो आणि मिटायचो. कारण प्रवासाचं स्वप्न पाहताना मन त्या अडीचशे किलोमीटरमध्येच फिरत असतं. चंद्रा नदीचा काठ, बर्फाचं पाणी, खिंडीतल्या पताका. सेंधव्याचा घाट किंवा राजस्थानातला सिमेंटचा सहापदरी रस्ता कुणाच्या स्वप्नात येत नाही. खरं आयुष्य मात्र त्या सव्वाचार हजार किलोमीटरवर चालणार असतं.

शेवटी एका शनिवारी पुण्यात नाना पेठेतल्या टायरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काही न विचारता तीन टायर काउंटरला टेकवून उभे केले. पहिला निव्वळ रस्त्याचा. गोलसर पाठ, भरपूर रबर, मधून पाण्याच्या ओघळांसारख्या वळणदार चिरा. दुसरा मिश्र रस्त्याचा. मोठे ठोकळे, पण एकमेकांना बिलगून बसलेले, आणि त्यांच्यामध्ये रुंद चर. तिसरा बटन टायर. रबराचे अंगठ्याएवढे खुंट आणि दोन खुंटांमध्ये बोट सहज जाईल इतकी मोकळी जागा. तिसऱ्याकडे हात आपोआप जातो. तो उभा असतानाच डोंगर चढल्यासारखा दिसतो.

मी खाली बसून तिन्ही टायर हातानं चाचपले. बटन टायरचं मातीतलं काम डोळ्यांसमोर आणणं सोपं आहे. खुंट जमिनीत रुततात, बैल चढाला लागला की त्याचे खूर रुततात तसे, आणि माती धरून गाडी पुढे ढकलतात. चिखल आला तर तो खुंटांमधल्या जागेत शिरतो आणि चाक फिरताना बाहेर फेकला जातो. डांबरावर मात्र रुतायला काहीच नसतं. तिथे पकड वेगळ्या रीतीनं मिळते. रबर भाराखाली दबतं, खडीच्या बारीक खडबडीत भरून बसतं आणि तिला धरून ठेवतं. तिथे जितकं रबर रस्त्याला टेकेल तितकं चांगलं. खुंटांच्या टायरचं रबर टेकतंच कमी, आणि वळणात गाडी कलली की ते खुंट वाकतात. त्या वाकण्यानं गाडी डुलते. तापलेल्या रस्त्यावर तासन् तास पळवलं तर ते झपाट्यानं झिजतातही.

मग रस्त्याच्या टायरला चिरा कशासाठी? कोरड्या डांबराला त्यांची गरज नसते. शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या दिवसाचे टायर म्हणूनच साफ गुळगुळीत असतात. चिरा असतात पाण्यासाठी. रबर आणि खडी यांच्यामध्ये आलेलं पाणी त्या वाटेनं निघून जावं आणि दोघांची गाठ पडावी म्हणून. मिश्र टायर या दोन गरजांच्या मधोमध उभा असतो. तो कुठल्याच बाजूला पहिला येत नाही आणि कुठल्याच बाजूला पार नापासही होत नाही. दुकानात त्याचे वाटे आकड्यांत सांगतात : ऐंशी-वीस, म्हणजे ऐंशी भाग पक्क्या रस्त्याला आणि वीस भाग कच्च्याला, किंवा पन्नास-पन्नास.

टायरच्या कडेवर छापलेली अक्षरं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. पुढच्यावर ९०/९०-२१ ५४ एस. रुंदी नव्वद मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या नव्वद टक्के, रिम एकवीस इंचांची. ५४ हा आकडा सांगतो की हा टायर २१२ किलोपर्यंत भार पेलेल, आणि एस हे अक्षर सांगतं की ताशी १८० किलोमीटरच्या वर त्याला नेऊ नका. मागच्यावर १२०/९०-१७ ६४ एस. त्याचा भार २८० किलो. पुढे एका लंबगोल चौकटीत चार अंक असतात. २३२४ असेल, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात साच्यातून बाहेर पडला. रबर नुसतं ठेवलं तरी म्हातारं होतं, कडक होतं, आणि कडक रबर खडीच्या खडबडीत शिरत नाही. त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसली तरी हे चार अंक पाहिल्याशिवाय टायर घेऊ नये.

या काळ्या कड्याचा विचार करताना मला नेहमी एक लहान मुलगा आठवतो. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवली, कारण पोराला दगडी फरसबंदीवर फार हादरे बसत. हवेच्या चाकाचं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसानं चाळीसेक वर्षं आधीच घेतलं होतं, पण जग ते विसरून गेलं होतं. एका बापाला पोराचे हादरे बघवले नाहीत तेव्हा ती कल्पना पुन्हा जन्मली. रबर मुळात फिकट, दुधाळ रंगाचं. झीज सोसावी म्हणून त्यात काजळीची पूड मिसळू लागले, तेव्हा टायर काळा झाला. आपल्याकडे एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासमध्ये झाली ती खेळण्यातले फुगे बनवण्यापासून. मला यात काही विसंगत वाटत नाही. वारा कोंडून धरणं हेच दोघांचं काम आहे. एकाला लेकरू धरतं, दुसरा लेकरांना धरतो.

दुकानदार वाट पाहत होता. मी म्हटलं, "उद्या येतो." आणि साताऱ्याला बाबांकडे गेलो.

बाबा एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. १९४८ च्या १ जूनला पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली, त्याच सालचा त्यांचा जन्म, आणि हा योग ते अजून अभिमानानं सांगतात. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर डेपोत जायचो. गाडी फलाटावर लावण्याआधी ते हातात लोखंडी टॉमी घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारत. पुढच्या दोन्ही टायरांवरून आधी तळहात फिरवत, सावकाश, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. मग मागं जाऊन टॉमीनं एकेका टायरवर ठोका देत. मागं जोडटायर असतात आणि आतला डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला आवाजावरून ओळखायचं. हवा असेल तर ठण्ण असा आवाज यायचा, नसेल तर बद्द. फेरी संपली की ते केबिनमध्ये चढत आणि मगच कंडक्टरची घंटा व्हायची.

मी त्यांच्यासमोर वही ठेवली, तिन्ही टायरांचं वर्णन केलं. त्यांनी चष्मा लावून किलोमीटरचे आकडे पाहिले. मग विचारलं, "डेपोत नवा टायर आला तर आम्ही कुठं चढवत होतो, आठवतंय का?"

"पुढं."

"आणि रिमोल्ड, नवी नक्षी चढवलेला जुना?"

"मागं."

"बस, एवढंच हाय." ते म्हणाले. "मागचा ढकलतो, पुढचा वाट धरतो. मागचा फुटला तर गाडी आडवीतिडवी होती, पण धरून थांबवता येती. पुढचा फुटला तर स्टेअरिंग तुझं राहत न्हाई. पन्नास माणसं मागं झोपलेली असतात. म्हणून जिथं चूक परवडत न्हाई, तिथं चांगला माल घालायचा. जिथं परवडती, तिथं काटकसर."

ते बोलले एसटीबद्दल, पण माझ्या मनात ताम्हिणी घाट उभा राहिला.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुन्या गाडीला मी हौसेनं बटन टायर घातले होते आणि जुलैत कोकणात उतरत होतो. पाऊस रिमझिम, वेग पन्नासच्या आसपास. एका डाव्या वळणावर रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर पुढचं चाक गेलं आणि पुढचं काही माझ्या हातात उरलं नाही. मागचं चाक घसरतं तेव्हा माणसाला कळतं, शरीर काहीतरी करू पाहतं. पुढचं घसरतं तेव्हा कळेपर्यंत आपण रस्त्यावर असतो. मी घसरत समोरच्या लेनमध्ये गेलो. त्या क्षणी समोरून काही येत नव्हतं, म्हणून आज लिहितो आहे. गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन महिने हात झोळीत राहिला. मागून येणाऱ्या मित्रानं मला उचललं तेव्हा माझी नजर गाडीच्या पुढच्या टायरवर गेली. खुंट अजून टोकदार होते, जवळजवळ नवे. ज्या मातीसाठी ते घेतले होते ती त्यांनी वर्षभरात फार तर पन्नास किलोमीटर पाहिली असेल.

त्या रात्री साताऱ्यात मी वहीचं दुसरं पान उघडलं आणि रस्ता पुन्हा लिहिला. या वेळी किलोमीटरऐवजी प्रत्येकापुढे दोन गोष्टी : तिथे माझा वेग किती असेल, आणि तिथे पडलो तर काय होईल. गोट्यांत वेग पंधरा, ओढ्यात त्याहून कमी. पडलो तर गाडी आडवी, पाय ओला, एखादा आरसा, एखादी लिव्हर. ओल्या महामार्गावर वेग पंचाहत्तर, मागे ट्रक, बाजूला ट्रक. वेग पाचपट झाला की आघाताची ऊर्जा पंचवीसपट होते. हे शाळेत शिकलेलं गणित त्या पानावर पहिल्यांदा माझ्या हाडांना समजलं. खराब रस्ता पडण्याची शक्यता वाढवतो. चांगला रस्ता पडण्याची किंमत वाढवतो. आणि मी इतकी वर्षं टायर शक्यतेकडे बघून निवडत होतो, किमतीकडे बघून नव्हे.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेत जाऊन मी दोन्ही टायर ऐंशी-वीसचे घेतले, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. जोडी एकाच घराण्यातली असावी, नाहीतर वळणात पुढचं चाक एक बोलतं आणि मागचं दुसरं. पुढच्यासाठी त्याच्याकडे दोन नग होते. एक वर्षभर जुना, थोडा स्वस्त. दुसरा तीन महिन्यांपूर्वीचा. मी दुसरा घेतला. ज्यांचा प्रवासच मुळात मातीतला आहे, त्यांनी माझं ऐकू नये. चिखलात गाडी वळवणारं चाकही पुढचंच असतं आणि तिथे खुंट नसतील तर ते वाट सोडतं. ज्याची वही वेगळी, त्याचा टायर वेगळा. पण वही खरी लिहिलेली असावी.

नव्या टायरच्या अंगावर एक गुळगुळीत चकाकी असते. ती उतरेपर्यंत त्याच्यावर विश्वास टाकायचा नसतो. म्हणून पहिले दोनशे किलोमीटर मी वाईपर्यंत जाऊन-येऊन काढले, गाडी फार न कलवता, ब्रेक हळू दाबत. मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो.

धुळ्याच्या अलीकडे मागच्या टायरला खिळा लागला. हिमालयनला आऱ्यांची चाकं आणि आत ट्यूब. हवा बसायला वेळ लागत नाही. सुदैवानं अर्ध्या किलोमीटरवर झाडाला टांगलेला, पांढऱ्या अक्षरांत पंक्चर लिहिलेला टायर दिसला. पंक्चरवाला कोट्टायमकडचा. आपल्या महामार्गांवर असे कितीतरी केरळी पंक्चरवाले वर्षानुवर्षं बसलेले आहेत. त्यानं लिव्हरनं टायरची कड उचलली, ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधले. मग टायरच्या आतून बोटं फिरवून खिळ्याचं टोक काढलं. ते राहिलं असतं तर ट्यूब पुन्हा गेली असती. काम करता करता म्हणाला, घरी थोडी रबराची झाडं आहेत, भाऊ पहाटे साल कापून चीक गोळा करतो. देशातलं बहुतेक नैसर्गिक रबर केरळातून येतं हे मला माहीत होतं. पण एक भाऊ झाडातून चीक काढतो आणि दुसरा हजाराहून अधिक किलोमीटरवर त्याच रबराला ठिगळ लावतो, हे समोर पाहिल्यावर मी टायरकडे वस्तू म्हणून पाहायचं सोडलं. माझ्या चाकाला किती हात लागले आहेत, याची मोजदाद मला कधीच करता येणार नाही.

सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात पाऊस आला. थोडासाच, आणि थोडा पाऊसच वाईट. मोठी सर रस्ता धुऊन काढते. चार थेंब फक्त डांबरावरचं तेल आणि धूळ वर आणतात आणि साबण करून ठेवतात. ट्रक रांगेनं उतरत होते, एका वळणावर डिझेल सांडून रंगीत चकत्या पसरल्या होत्या. पुढे पांढरा पट्टा. तेच डावं वळण, तोच रिमझिम पाऊस; घाट वेगळा. खांदे आपोआप ताठ झाले, हाडातली ती जुनी जागा दुखल्यासारखी झाली. मी श्वास सोडला, वेग कमी केला, डिझेल टाळून नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवली. पुढच्या चाकानं पट्टा ओलांडला. काहीच झालं नाही. टायरचं काम एवढंच आहे, काहीच न होऊ देणं. आणि काही झालं नाही त्याची नोंद कुणी कधी ठेवत नाही. मी वरच्या बिजासनी मातेच्या देवळापाशी थांबलो आणि वहीत ती नोंद केली.

पुढचे दोन दिवस राजस्थान आणि हरियाणाचे. सिमेंटचा रस्ता टायर खातो असं ट्रकवाले म्हणतात, ते खरं वाटायला लागतं. दुपारी उतरून हात लावला तर टायर चहाच्या पेल्याइतका गरम. तापलेल्या टायरची हवा मोजायची नसते, ती खोटं सांगते. मोजायची ती सकाळी, चाक हलण्यापूर्वी. चंदीगडला सकाळी मी मागे अठ्ठावीस पीएसआय हवा भरली.

शिमल्यापुढे रस्ता सतलजचा हात धरतो. किन्नौरमध्ये काही ठिकाणी तो उभ्या कड्यात कोरून काढलेला आहे, डोक्यावर खडक आणि शेजारी दरी. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून हिरवा रंग मागे राहतो. नाकोच्या आसपास मलिंग नाल्याची जागा. तिथला डोंगर सदाचा सुटलेला. बारीक, सुटी, टोकदार खडी चाकाखाली सरकत होती, आणि ऐंशी-वीसचा टायर तिथे वीस गुणांचाच होता. गाडी थोडी हलायची, मी तिला हलू द्यायचो. ताबोला ९९६ साली बांधलेल्या मातीच्या विहारात शांत बसलो. हजार वर्षांहून अधिक काळ माती तिथे उभी आहे, कारण बांधणाऱ्यांना आपली हवा आणि आपली जमीन नेमकी ठाऊक होती.

काझाहून कुंझुमला पहाटे निघालो. बर्फाचं पाणी उन्हाबरोबर वाढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी गुडघ्याच्या वर जातो. साडेचार हजार मीटरच्या वर खिंड आहे. कुंझुम मातेच्या देवळाला गाड्या फेरी घालतात, तशी मीही घातली आणि थोडं थांबून, चाकं गार झाल्यावर हवा मोजली. अठ्ठावीसची एकतीस झाली होती. कुणी भरली नव्हती. हवेचं यंत्र आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दाखवतं, आणि त्या उंचीवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. बाहेरचा हात सैल पडला की आतली हवा जास्त ताठ वाटते. थंडीनं ती थोडी आकसली होती, नाहीतर आकडा आणखी चढला असता. ताठ टायर गोट्यावरून उडतो. मी दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडली. फार सोडून चालत नाही. दगडावर आपटलं की रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि दोन भोकं एकदम पडतात.

खिंड उतरून बातलच्या पुढे, चंद्रा नदीच्या काठानं जाताना तिसऱ्या ओढ्यात मी पडलो. वेग चालण्याइतका. पाण्याखालचा गोल, शेवाळलेला दगड मागच्या चाकाखालून सुटला, गाडी डावीकडे झुकली, पाय टेकायला गेलो तिथे खड्डा. गाडी आडवी, मी कमरेपर्यंत ओला. समोरून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर बूट न काढता पाण्यात उतरले, आम्ही तिघांनी गाडी उभी केली. क्लचची लिव्हर वाकली होती, तेवढंच. त्यांनी मला आपल्या थर्मासमधला चहा दिला आणि पुढच्या ओढ्यात डावीकडून जा असं बजावलं.

काठावर बसून मोजे पिळताना मी स्वतःशी खरं बोललो. बटन टायर असता तर कदाचित इथे पडलो नसतो. पण ही किंमत मी साताऱ्यात, वहीच्या दुसऱ्या पानावर, डोळे उघडे ठेवून मान्य केली होती. इथे पडणं मला परवडणार होतं. बिजासनच्या वळणावर परवडलं नसतं. निवड म्हणजे सगळे धोके टाळणं नव्हे. कुठला धोका पत्करायचा हे आधी ठरवणं आणि तो समोर आला की त्याच्यावर न चिडणं, म्हणजे निवड. ओले मोजे घालून मी पुढे निघालो. ग्राम्फूला डांबर लागलं. मनालीला पोचल्यावर दोन्ही चाकांत पुन्हा हवा भरून घेतली.

साडेचार हजार किलोमीटर झाल्यावर गाडी थेट साताऱ्याला नेली. बाबा पायरीवरून उठून आले. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग पुढच्या चाकाजवळ खाली बसले. आता गुडघे दुखतात, तरी बसले. तळहात टायरवरून फिरवू लागले. चाक थोडं फिरवायचं, हात फिरवायचा, पुन्हा चाक फिरवायचं. एका जागी त्यांची बोटं थांबली. टायरच्या कडेवर बोटाच्या पेराएवढी चीर होती. कुठल्या तरी टोकदार दगडानं दिलेली. इतकी बारीक, की रोज गाडी पुसूनही मला दिसली नव्हती. त्यांनी नखानं ती उघडून दाखवली. आतला धागा दिसत होता.

"नक्षी अजून पुष्कळ आहे, बाबा," मी म्हटलं. "वर्ष तरी जाईल."

"मागचा असता तर मीच म्हणालो असतो, बघू. कडेची चीर हाय, तीही पुढच्या चाकाची. बदल."

दुसऱ्याच दिवशी मी तो बदलला. साडेचार हजार किलोमीटर सांभाळून आणलेला टायर दुकानात ठेवताना हात जड झाला, पण ठेवला.

तुम्ही कुठे लांब निघणार असाल तर तुमचीही वही करा. त्यात रस्ता जसा आहे तसा लिहा, स्वप्नात दिसतो तसा नको. जिथे पडणं सगळ्यांत महाग आहे त्या जागेसाठी टायर निवडा. आणि किल्ली फिरवण्याआधी खाली बसून पुढच्या चाकावरून एकदा तळहात फिरवा. डोळ्यांना जे दिसत नाही ते हाताला कळतं.